आडीतल्या माहेरवाशिणी आणि माझं रजिस्टर

तीनेक आठवड्यांपूर्वी गच्चीवर वाळत घातलेली माझी सुती साडी उडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली, तेव्हा कळलं की आडी लागली. पंचांग उघडायची गरजच पडत नाही. आडी म्हणजे आमच्या तमिळ वर्षातला चौथा महिना, तुमच्या आषाढाचा शेजारी. कुंभकोणमला ह्या महिन्यात वारं असं सुटतं की दारं आपटतात, डोळ्यांत धूळ जाते आणि माणसाचं डोकं विनाकारण तापतं. माझं सकारणच तापलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

गल्लीगल्लीतल्या अम्मनच्या देवळांत नाचणीची आंबील शिजते, कर्णे सकाळी पाचला सुरू होतात, आणि साड्यांची दुकानं ‘आडी सवलत’ म्हणून रस्ताभर फलक लावतात. ह्या महिन्यात लग्नं होत नाहीत. आणि नव्या नवरीला माहेरची माणसं येऊन घेऊन जातात, महिनाभरासाठी. कारण सांगताना आमच्याकडच्या बायका अजिबात लाजत नाहीत. आडीत दिवस राहिले तर बाळंतपण चित्तिरैच्या, म्हणजे ऐन चैत्र-वैशाखाच्या, उन्हात येतं, आणि ते ऊन ओल्या बाळंतिणीला सोसत नाही. म्हणून नवराबायकोला महिनाभर वेगळं ठेवायचं, की झालं. कुटुंबनियोजन काही आम्हाला सरकारनं शिकवलं नाही, एवढंच म्हणायचंय.

यंदा आमच्या घरीही माहेरवाशीण आली आहे. वैष्णवी, माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची मुलगी. लग्नाला आठ वर्षं झाली, म्हणजे आडीत माहेरी यायची काही रीत उरलेली नाही. पण तिचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होतं, म्हणून अण्णानं बोलावून घेतलं. बरोबर चार वर्षांची इरा. जावई चेन्नईत. इरा दिवसभर आमच्या दोन घरांमधल्या, वरचं अण्णाचं आणि खालचं माझं, जिन्यावर चढउतार करते आणि माझ्याशी तमिळमध्ये भांडते. तिच्या जन्माच्या वेळी वैष्णवीचं इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाई बाहेर येऊन काही बोलल्याच नव्हत्या, नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. मी तिथे होते. मी पाहिलंय.

तर वैष्णवी आल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळची कॉफी घेऊन माझ्याकडे आला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कधी कुणाकडे हातात कप घेऊन जायचा नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बसला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आमच्या तंजावरी घरातल्या जुन्या मराठीत म्हणाला, “सरोजा, तूं एकदां वैष्णवीशीं बोल. एकच लेंक कशी पुरेल? आतां ती इथें आहे, निवांत आहे. नवरा जवळ नाहीं, सासू जवळ नाहीं. तुझें ती ऐकील. तुला हें काम येतें.”

तुला हें काम येतें! माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण हे काम मला खरंच येतं. बत्तीस वर्षं मी सरकारी आरोग्यकेंद्राची गावनर्स होते, तिरुभुवनम् ते आडुतुरैपर्यंतची सगळी गावं माझ्या पायाखाली. लोक मला नर्सम्मा म्हणत. पण माझं काम होतं बायकांना ‘दोन पुरे’ म्हणून पटवायचं. आता माझा सख्खा भाऊ मला उलट्या दिशेनं जुंपायला निघाला होता.

अण्णाच्या डोक्यात हे कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तिरुनागेश्वरम्ला एका मांडवात दहा-बारा जोडप्यांची एकदम लग्नं होती. एक पुढारी आशीर्वाद द्यायला आले. कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, आता सगळेच तेच बोलतात. माइक हातात घेऊन नवऱ्यामुलींकडे बघत हसत म्हणाले, लवकर लवकर मुलं होऊ द्या, भरपूर होऊ द्या, नाहीतर डोकी कमी म्हणून दिल्लीत संसदेतल्या आपल्या खुर्च्या कमी होतील. मांडवात हशा आणि टाळ्या. अण्णानंही टाळ्या वाजवल्या. मी पानावर बसले होते. तुमच्या खुर्च्यांसाठी ह्या पोरींनी पोटं वाढवायची? अहो, काही लाज? ज्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगवून तुम्ही ह्यांच्या आयांना दमात घेतलंत, त्याच भिंतींवर आता काय पाळणा रंगवणार? आणि गंमत बघा, त्यांचंही म्हणणं सगळं खोटं नाही. आम्ही सांगितलं तसं वागलो, पोरं कमी केली, आणि आता म्हणे त्याचीच शिक्षा. शाळेत शहाण्या मुलाला बाकावरून उठवावं तशी. पण तो हिशोब दिल्लीत जाऊन मांडा ना. नवरीच्या ओटीत कशाला टाकता?

खरं सांगायचं तर मला राग एकट्या त्यांचा आला नव्हता. आडीचं वारं दारातून आलं आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक आडी बरोबर घेऊन आली.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची. निळ्या काठाची पांढरी साडी, सायकल, खांद्यावरच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या आणि एक लांबट रजिस्टर. त्या दिवसांत माणसं खरोखर जास्त होती, हे नाकारत नाही मी. प्रसूतीच्या वॉर्डात एका खाटेवर दोन बाळंतिणी, एकीचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे, आणि तिसरी खाली चटईवर. सहाव्या बाळंतपणात पांढरीफटक पडलेली बाई डोळ्यांची पापणी खाली ओढून दाखवायची, आत लालीचा टिपूससुद्धा नसायचा. रेशनच्या रांगेत कडेवर एक, हाताला एक, पोटात एक. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अशा दोघी माझ्या हातात गेल्या. म्हणून ‘दोन पुरे’ हे मी पगारासाठी बोलत नव्हते, मनापासून बोलत होते. आणि मनापासून बोलणारं माणूसच जास्त घातक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षाला इतक्या शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, असं टार्गेट असायचं. शस्त्रक्रिया म्हणजे बायकांच्या. पुरुषाचं काम दहा मिनिटांचं, टाका ना टिपा; पण ते नाव काढलं की अख्ख्या गावचे पुरुष शेतावर निघून जायचे. माझ्या बत्तीस वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके पुरुष तयार झाले, आणि त्यातल्या एकानं आधी बायकोला नेऊन दाखवलं, हिचं होत नसेल तरच माझं म्हणून. सगळा भार बाईनं उचलायचा. देशाची लोकसंख्या वाढली तर तिच्यामुळे, घटली तरी तिच्यामुळेच.

टार्गेट भरायची माझी एक युक्ती होती. मला तिचा फार अभिमान होता. इतर नर्सा वर्षभर सासरघरी खेटे घालायच्या आणि सासवांच्या शिव्या खायच्या. मी आडीची वाट बघायची. आडीत नव्या नवऱ्या माहेरी येतात, तशा थोरल्या लेकीही कडेवरची पोरं घेऊन चार दिवस येतात. नवरा नाही, सासू नाही. बाई पाय पसरून आईजवळ बसलेली, केस मोकळे, मन मोकळं. तिथे जाऊन बसायचं, मुलाला उचलायचं, आईला बाजूनं करून घ्यायचं आणि गोड बोलायचं. जी रीत बाईच्या जिवाला विसावा म्हणून पूर्वजांनी घालून दिली, तीच मी जाळ्यासारखी वापरली. एका आडीत माझं वर्षाचं काम व्हायचं. वरचे साहेब म्हणायचे, सरोजाबाईंकडून शिका.

त्या आडीत मला दोन कमी पडत होत्या. एक मिळाली. दुसरी सेल्वी.

सेल्वीचं माहेर तिरुभुवनम्ला, रेशमी साड्या विणणाऱ्यांच्या गल्लीत. खड्ड्यातल्या मागावर बाप, ओसरीवर चरख्याशी आई, आणि सगळ्या घराला ओल्या रेशमाचा तो आंबूस वास. सेल्वी तेवीस वर्षांची, दोन मुली, धाकटी आठ महिन्यांची. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “नर्सम्मा, आडी सरू द्या. मला अजून एक मूल हवंय. मुलगाच हवा असं नाही, मुलगीसुद्धा चालेल. मला आवडतात मुलं. मग मी आपण होऊन येते.”

किती साधं बोलली होती. मुलं आवडतात म्हणाली. आणि मी काय केलं? धाकटीला मांडीवर घेऊन तिच्या आईकडे वळले आणि म्हटलं, दोघींना शिकवा की नीट, तिसरं आलं तर ह्या दोघींच्या तोंडचा घास जाईल. आई रडायला लागली. सेल्वी गप्प झाली. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजले. छे, समजले कसली. होकार नाही हे मला कळत होतं. पण पुढच्या गुरुवारी शिबिर होतं आणि रजिस्टरात एक ओळ रिकामी होती.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून शिबिर भरलं होतं. फळ्यावर बेरजा तशाच होत्या. शस्त्रक्रिया झालेल्या बायका जमिनीवर ओळीनं निजलेल्या, आणि मी मधून फिरत नाडी बघत होते. सेल्वीनं डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, “झालं?” मी म्हटलं, झालं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्या संध्याकाळी मी ओळ भरली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

त्यानंतर मी स्वतःला सांगत आले की एवढा मोठा देश, एवढी माणसं, कुठेतरी थांबायला हवं होतं. जमीन पुरणार नाही, पाणी पुरणार नाही, शाळा पुरणार नाहीत. आणि आता इथे बसून बघते. आम्ही माणसं कमी केली. खरंच केली, नगरपालिकेच्या ज्या शाळेत शिबिर भरायचं, तिथे आता एका खोलीत तीन इयत्ता बसतात आणि तरी बाकं उरतात. मग माझ्या सायकलच्या वाटेवरचं भात कुठे गेलं? दोन्ही बाजूंना हिरवं असायचं, बगळे असायचे, पाटाला पाणी. आता एका बाजूला ‘ग्रीन’ नाव दिलेली वसाहत आणि दुसऱ्या बाजूला दगड रोवलेले प्लॉट. आडुतुरैला भातावर संशोधन करणारी माणसं नवनवीन वाण काढतात. लावायचं कुठे, गच्चीवर? पाटात प्लास्टिक आणि मांडवांतली केळीची पानं. देवळांच्या तळ्यांपैकी एक गाड्या उभ्या करायला, एकात डासांची शेती.

ही जागा कुणी खाल्ली? सेल्वीच्या न झालेल्या पोरानं? नवरा, बायको आणि एक मूल, त्यांना चार खोल्या, तीन न्हाणीघरं, दोन गाड्या. मुलगा परदेशात, त्याच्या नावानं इथे कुलूप लावलेलं दुमजली घर. पूर्वी एका घरात दहा माणसं राहायची, आता दहा घरांत वीस राहतात आणि प्रत्येक घराची स्वतंत्र बोअर. गर्दी गरिबाच्या पोटची, म्हणून मोजली जाते. हावेची मोजणी कुणी करत नाही, तिच्यासाठी शिबिर भरत नाही. आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार? माझा एकुलता एक मुलगा परदेशात आहे, आणि ज्या घरात बसून मी हे लिहिते ते त्याच हिरव्या शेतावर उभं आहे. पावसाळ्यात अजून बेडूक जिन्यापर्यंत येतात, आपली जागा शोधत.

अण्णाला मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही, हे कबूल करते. दोन दिवस त्याचं बोलणं डोक्यात घोळत होतं. तो म्हणाला होता, “तंजावरच्या राजांबरोबर आलेलीं आम्ही माणसें. तीनशें वर्षें टिकलों. आतां पोरेंच नाहींत तर ही भाषा कोण बोलणार, भिंती?” आणि मला भरून आलं. खोटं कशाला बोलू? इरा मला तमिळमध्ये ‘जा, तुझ्याशी कट्टी’ म्हणते तेव्हा गोड वाटतं आणि पोटात तुटतंही. आणखी एक बाळ असावं, ते माझ्याशी आमच्या मराठीत भांडावं, असं मलाही वाटलं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवायलासुद्धा लागले होते. इराला भावंड नको का? आता दवाखाने किती सुधारलेत! बघा, जुनी सवय. गोड वाक्यं आपोआप ओठांवर येतात, फक्त उलटी करून घालायची.

आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीची पूजा असते. नदीला डोहाळे लागलेत असं मानतात. तिला गुळातले भिजवलेले तांदूळ, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं वाहायची, एकमेकींच्या गळ्यात पिवळा दोरा बांधायचा आणि घाटावर बसून चित्रान्नं, म्हणजे निरनिराळे भात, खायची. मी, वैष्णवी आणि इरा डबे घेऊन गेलो. यंदा धरणाचं पाणी सुटलं होतं, नशीब. मधे काही वर्षं नदी इतकी कोरडी होती की घाटावर नळ लावून त्याच्याखाली आम्ही कावेरीची पूजा केली. आज पाणी होतं, पण पलीकडून एक काळी धार येऊन त्यात मिसळत होती आणि बायका नाकाला पदर लावून ओवाळत होत्या. जिला डोहाळे लागलेत तिला आम्ही हे पाजतो!

खालच्या पायरीवर एक बाई दोरा बांधत होती. केस पिकलेले, मनगटावर रेशमाच्या पिळाचे जुने वळ. तिनं मान वर केली आणि मी ओळखलं. तिनंही ओळखलं.

“नर्सम्मा,” सेल्वी म्हणाली. “म्हाताऱ्या झालात.”

मी तिच्याजवळ बसले. ज्या प्रश्नाच्या आधारावर मी चाळीस वर्षं काढली तोच पहिला विचारला, मुली कशा आहेत. एक कोइम्बतूरला शिक्षिका, एक सिंगापूरला. मला हायसं वाटलं, आणि त्या हायशा वाटण्यात मी पचकले, “बघ, दोघीच होत्या म्हणून शिकल्या ना?”

सेल्वी हसली नाही. दोऱ्याची गाठ मारून तिनं हात धुतले. “शिकल्या. चांगल्या शिकल्या. नवरा वर्षभर बोलला नाही, मग तोही बोलायला लागला. सगळं नीट झालं, नर्सम्मा. पण मी थांबा म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं होतं, मी बघितलं तुमच्याकडे. गेल्या महिन्यात मांडवात ते पुढारी म्हणाले, भरपूर होऊ द्या. मीही होते तिथे, भाचीचं लग्न होतं. मला वाटलं उठून विचारावं, मग माझं एक परत द्या की.”

माझं चुकलं म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, घाटावरच्या दोन-चार जणींनी वळून बघितलं. ती म्हणाली, “हं.” एवढंच. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि तिनं तसं म्हणायला मी तिची कोण लागते? मग तिनं इराच्या हातावर गुळातले तांदूळ ठेवले, वैष्णवी कोण ते माझ्याकडून विचारून घेतलं आणि तिला म्हणाली, “तुझी आत्या फार गोड बोलते हो. जपून राहा.”

ती गेल्यावर वैष्णवीनं लिंबूभाताचा डबा उघडला, पण वाढला नाही. “आत्या, अण्णांनी तुला माझ्याशी बोलायला सांगितलं ना?”

“हो.”

“मग बोल.”

जुळवलेली सगळी वाक्यं तोंडाशी होती. बत्तीस वर्षांची तालीम होती. मी ती गिळली. म्हटलं, “मी नाही बोलत. तूच बोल. मी ऐकते.”

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग बोलायला लागली, नदीकडे बघत. वारं इतकं होतं की मला अगदी जवळ सरकावं लागलं. मधे थांबली तेव्हा मी सवयीनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इरा काळ्या मण्यांशी खेळून दमली, माझ्या मांडीवर झोपली. भात तसाच वाळला. ऊन पायऱ्या चढून आमच्या पायांशी आलं तेव्हा वैष्णवीचं बोलणं संपलं.

घरी आलो तर अण्णा फाटकातच उभा. वैष्णवी इराला घेऊन वर गेल्याबरोबर त्यानं विचारलं, “काय म्हणाली? हो कीं नाहीं?”

ती काय म्हणाली ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं तीनदा विचारलं, चिडला, रजिस्टरात लिहायला तुला बरं सुचत होतं म्हणाला, आणि ते त्याचं खरंच होतं. तरी सांगितलं नाही. आणि माफ करा, इथवर वाचत आलात, पण तुम्हालाही सांगणार नाही.